स्वदेशीचे व्रत आणि ग्राहकाचा भार : वडूज-औंध परिसरातील दोन वस्तूंचा इतिहास

१

देशात तयार झालेला माल परदेशी मालाहून महाग किंवा ओबडधोबड असला, तरी ग्राहकाने तोच घ्यावा काय, हा प्रश्न महाराष्ट्रात दीडशे वर्षांहून अधिक काळ चर्चिला गेला आहे. या चर्चेचा इतिहास बहुधा पुणे व मुंबई या शहरांच्या संदर्भात लिहिला जातो. व्रत घेणारे, व्याख्याने देणारे आणि वृत्तपत्रे चालविणारे लोक तेथे होते, त्यामुळे ते स्वाभाविकही आहे. परंतु ज्याच्या कनवटीच्या पैशावर या चळवळीचे यशापयश अवलंबून होते, तो ग्राहक मोठ्या संख्येने खेड्यांत राहत होता. त्याच्या बाजूने पाहिले असता स्वदेशीच्या इतिहासाचे स्वरूप काहीसे निराळे दिसते.

येरळा नदीकाठचे वडूज हे सातारा जिल्ह्यातील खटाव तालुक्याचे मुख्य ठिकाण होय. १८४८ मध्ये सातारचे राज्य खालसा झाले व हा प्रदेश इंग्रजी अंमलाखाली आला. मात्र आज याच तालुक्यात मोडणारे औंध हे पंतप्रतिनिधींच्या संस्थानाची राजधानी म्हणून १९४८ पर्यंत वेगळे राहिले. पाऊस कमी, जमीन बव्हंशी कोरडवाहू आणि लोहमार्ग दूर, अशा या मुलखातील शेतकऱ्याची बाजारातील खरेदी बेताची असे : वर्षाचे कापड, दिवाबत्तीचे साहित्य, थोडे लोखंडी सामान. या बेताच्या खरेदीतच स्वदेशीचा प्रश्न त्याच्यासमोर उभा राहिला. औंध संस्थानाशी निगडित असलेल्या नांगर व कंदील या दोन वस्तूंचा इतिहास तपासला असता असे दिसते की, देशी मालाचा पुरस्कार हे केवळ ग्राहकाचे कर्तव्य मानले गेले तेथे तो टिकाऊ ठरला नाही. कारखानदार आणि सरकार यांनी आपापला वाटा उचलला तेव्हाच तो रुजला.

२

स्वदेशीच्या व्रताला आरंभ करून देणाऱ्यांत गणेश वासुदेव जोशी ऊर्फ सार्वजनिक काका हे अग्रगण्य होत. त्यांचा जन्म १८२८ मध्ये साताऱ्यास झाला. १८७० मध्ये पुण्यास सार्वजनिक सभा स्थापन करण्यात त्यांचा पुढाकार होता, आणि १८७२ मध्ये त्यांनी स्वदेशी वापरण्याचे व्रत घेतले. जानेवारी १८७७ च्या दिल्ली दरबारास ते सभेचे प्रतिनिधी म्हणून खादीच्या वेषात उपस्थित राहिले. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांनी याच काळात देशी व्यापारावर व्याख्याने देऊन या व्रतास अर्थशास्त्रीय बैठक दिली. ज्योतीराव फुले यांनी १८८३ च्या ‘शेतकऱ्याचा असूड’ या ग्रंथात यंत्रावर तयार होऊन येणाऱ्या विलायती मालामुळे येथील कारागिरांचे धंदे कसे बुडाले, याकडे लक्ष वेधले. या तिघांची सामाजिक भूमिका एक नव्हती. तरी परदेशी मालाच्या आयातीने देशातील उद्योग खालावत आहेत, याविषयी त्यांच्यात मतभेद नव्हता.

मतभेदास जागा होती ती उपायाविषयी. १८९४ मध्ये आयात मालावर पाच टक्के जकात बसविण्यात आली. लँकेशायरच्या गिरणीमालकांच्या दडपणामुळे १८९६ मध्ये कापडावरील आयात जकात साडेतीन टक्क्यांवर आणण्यात आली, आणि तेवढाच कर देशी गिरण्यांच्या कापडावरही लादण्यात आला. महाराष्ट्रात त्या वर्षी विलायती कापडावरील बहिष्काराची जी हाक दिली गेली, ती या अन्यायास उत्तर म्हणून होती. पुढे वंगभंगानंतर, ऑक्टोबर १९०५ मध्ये, पुण्यास विदेशी कपड्यांची होळी झाली. जकात बसविण्याचा अधिकार लोकांच्या हाती नव्हता. तेव्हा ग्राहकाचे व्रत हेच जकातीचे कार्य करू पाहत होते. परकीय सत्तेखालील लोकांनी स्वतःवर स्वखुशीने बसविलेली जकात, असे या व्रताचे वर्णन करता येईल.

या दृष्टीने पाहिले म्हणजे व्रताचे सामर्थ्य आणि त्याची उणीव या दोन्ही गोष्टी एकदमच ध्यानात येतात. सरकारी जकात सर्व ग्राहकांवर सारखी पडते आणि तिचे उत्पन्न खजिन्यात जमा होते. व्रताची जकात मात्र व्रत पाळणारा एकटाच भरतो. न पाळणारा शेजारी स्वस्त माल घेऊन मोकळा होतो. शिवाय ज्याचे उत्पन्न अल्प, त्याच्यावर तिचा भार अधिक. धोतरजोडीमागे चार-आठ आणे जास्त मोजणे पुण्यातील वकिलास जड जात नसे. अवर्षणाच्या वर्षात माणदेशाच्या सीमेवरील शेतकऱ्यास तेच चार-आठ आणे बियाण्यातून काढावे लागत. त्याने विलायती धोतर घेतले तर त्यास देशद्रोही ठरविणे न्यायाचे होत नाही.

नामदार गोपाळ कृष्ण गोखले यांनी १९०५ च्या काशी काँग्रेसच्या अध्यक्षपदावरून आणि १९०७ मधील लखनौच्या व्याख्यानात स्वदेशी व बहिष्कार यांत भेद केला, तो येथे उद्बोधक आहे. बहिष्कारात दुसऱ्यास इजा करण्याची भावना येते. स्वदेशीचे कार्य मात्र भांडवल, कौशल्य व उद्योगशीलता यांची जोड दिल्यावाचून पुरे होत नाही, असा त्यांचा आशय होता. अंताजी दामोदर काळे यांच्या पैसाफंडाने हीच उणीव वेगळ्या मार्गाने भरून काढण्याचा यत्न केला. प्रत्येकाकडून एक पैसा जमवून त्या निधीतून तळेगाव दाभाडे येथे १९०८ मध्ये काच कारखाना उभारण्यात आला. महाग वस्तू विकत घ्या, असे सांगण्याऐवजी येथे सामान्य मनुष्यास भांडवलाचा वाटेकरी होण्यास सांगितले गेले. स्वदेशीचा भार ग्राहकावरून उत्पादनाच्या बाजूकडे सरकल्याची ही एक महत्त्वाची खूण होय.

३

उत्पादनाची बाजू सातारा परिसरात कशी उभी राहिली, हे किर्लोस्करांच्या नांगरावरून दिसते. लक्ष्मणराव काशीनाथ किर्लोस्कर (१८६९–१९५६) यांनी बेळगावास सायकलींच्या दुकानापासून आरंभ करून कडबा कापण्याची यंत्रे व लोखंडी नांगर करण्यास घेतले. बेळगावच्या नगरपालिकेने त्यांची जागा मागितल्यावर औंधचे अधिपती भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी त्यांना कुंडलनजीकचा बत्तीस एकरांचा माळ व दहा हजार रुपयांचे कर्ज देऊ केले. १९१० मध्ये तेथे किर्लोस्करवाडी वसली. ती आज सांगली जिल्ह्यात आहे.

किर्लोस्करांच्या नांगराचा पहिला प्रतिस्पर्धी विलायती नांगर नव्हता. तो होता गावच्या सुताराने केलेला बाभळीचा नांगर, आणि त्याहीपेक्षा शेतकऱ्याचा संशय. लोखंडामुळे जमिनीस विष बाधते, अशी समजूत त्या काळी शेतकऱ्यांत होती. पहिले मोजके नांगर विकले जाण्यास सुमारे दोन वर्षे लागली, असे किर्लोस्कर उद्योगाच्या इतिहासात सांगितले जाते. हा काळ स्वदेशीच्या चळवळीचा ऐन भराचा काळ होता. नांगर देशी होता, कारखानदार मराठी मुलखातला होता, तरीही केवळ तेवढ्या कारणास्तव शेतकऱ्याने तो घेतला नाही. त्याने तो घेतला तो नांगरट खोल होते, हरळी-कुंदा उखडून निघतो आणि माती पालथी पडते, हे डोळ्यांनी पाहिल्यावर.

दुसरे कारण दुरुस्तीचे. लोखंडी नांगराचा फाळ झिजतो व तो बदलावा लागतो. बदली फाळ कुंडलच्या भट्टीत ओतला जात असेल, तर पेरणीपूर्वी तो हाती पडण्याची आशा असते. विलायतेहून यावयाचा असेल, तर हंगाम हातचा जातो. जवळचा कारखाना हा ग्राहकाच्या दृष्टीने या अर्थाने लाभाचा ठरतो. १९२० मध्ये शंकरराव किर्लोस्करांनी ‘किर्लोस्कर खबर’ हे पत्र सुरू केले. कारखान्याची वार्ता ग्राहकापर्यंत पोहोचविणे हे त्याचे आरंभीचे प्रयोजन होते. पुढे ते मराठीतील एक नामांकित मासिक बनले. परंतु अर्थेतिहासाच्या अभ्यासकाने त्याचा मूळ हेतू विसरू नये : माल खपविणाऱ्याने माल घेणाऱ्याशी संबंध ठेवला पाहिजे, ही जाणीव त्यामागे होती.

४

दुसरी वस्तू कंदिलाची. १९१६ मध्ये ओगले बंधूंनी कराडजवळ काच कारखाना काढला. त्यासही औंधच्या अधिपतींचा पाठिंबा लाभला. या कारखान्याचा ‘प्रभाकर’ कंदील पुढे महाराष्ट्रातील असंख्य घरांत पोहोचला, आणि कारखान्याभोवतीची वस्ती ओगलेवाडी या नावाने ओळखली जाऊ लागली. त्याच्यासमोर अमेरिकन व जर्मन बनावटीचे वादळी कंदील उभे होते, आणि गुणांत ते कमी नव्हते. नांगराबाबत जे फाळाचे, तेच कंदिलाबाबत काचेचे : कंदील वर्षानुवर्षे टिकतो, काच मात्र फुटते. ती जवळ व स्वस्त मिळणे, यावर खेड्यातील ग्राहकाची निवड ठरते.

मात्र काचेच्या धंद्यात कारखानदाराच्या प्रयत्नांस एक मर्यादा होती, आणि तेथे सरकारच्या धोरणाचा संबंध आला. १९२१ मध्ये नेमलेल्या राजकोषीय आयोगाने सर इब्राहिम रहिमतुल्ला यांच्या अध्यक्षतेखाली ‘विवेचक संरक्षणा’चे तत्त्व मांडले. कच्चा माल, मजूर व बाजारपेठ यांची नैसर्गिक अनुकूलता असणे, संरक्षणावाचून वाढ अशक्य असणे आणि कालांतराने संरक्षणाविना उभे राहण्याची शक्यता असणे, अशा तीन अटी त्याने घातल्या. त्यानुसार १९२३ मध्ये जकात मंडळ स्थापन झाले. या मंडळाने १९३२ च्या अहवालात काच उद्योगास संरक्षण देण्याची शिफारस केली. परंतु काचेस लागणारी सोडा राख परदेशातून आणावी लागते, या कारणास्तव सरकारने १९३५ मध्ये ती अमान्य केली व आयात सोडा राखेवरील जकातीत सूट देण्यापुरते साहाय्य केले.

या निर्णयात परकीय सरकारची अनास्था होती, यात शंका नाही. तथापि त्यातून निघालेला प्रश्न आजही बाद झालेला नाही. राख परदेशी आणि हात व भट्टी देशी, अशी काच देशी म्हणावयाची की परदेशी? कच्चा माल हीच कसोटी धरली, तर रुईच्या आयातीवर चाललेला लँकेशायरचा कापडधंदाही इंग्रजी ठरणार नाही. कोणत्या वस्तूवर देशातील किती श्रम व कौशल्य खर्च झाले, हे पाहणे अधिक सयुक्तिक होय. आणि ते पाहण्याचे साधन बाजारातील एकट्या ग्राहकाजवळ नसते.

५

नांगर व कंदील यांच्या यशाची एक बाजू या इतिहासात सहसा नोंदविली जात नाही. लाकडी नांगर करणारा व दुरुस्त करणारा सुतार गावचा बलुतेदार होता. त्याचा मोबदला धान्यरूपाने खळ्यावर मिळे. लोखंडी नांगर आल्यावर त्याच्या कामाचा एक भाग गेला, आणि तो नेणारा माल विलायती नव्हता. माण-खटावच्या धनगरांच्या घोंगड्यांपुढे गिरणीच्या ब्लँकेटांचेही असेच आव्हान उभे राहिले. खादी व गिरणीचे देशी कापड यांविषयी महात्मा गांधींच्या काळात जो वाद झाला, त्याचे मूळ येथेच आहे. ‘देशी’ हा शब्द मुंबईची गिरणी, कुंडलचा कारखाना आणि वडुजातील सुताराचा नेट यांना एकाच नावाखाली आणतो. त्यांचे हितसंबंध मात्र एक नसतात. ज्याने स्वदेशीचे व्रत घेतले, त्याने यांपैकी कोणासाठी घेतले, हे सांगणे आवश्यक ठरते.

स्वातंत्र्योत्तर काळात जकात ठरविण्याचा अधिकार आपल्या हाती आला, आणि व्रताचे कार्य कायद्याने होऊ लागले. आयातीवरील कडक निर्बंधांमुळे अनेक उद्योग उभे राहिले. परंतु प्रतिस्पर्धी नसल्याने कित्येक वस्तूंच्या बाबतीत ग्राहकास मिळेल तो माल, मिळेल त्या किमतीस, ताटकळत घ्यावा लागला. १९९१ नंतर हे निर्बंध सैल झाले, तेव्हा परदेशी मालाचे जे स्वागत झाले, त्यात या ताटकळण्याची आठवणही होती. सार्वजनिक काकांच्या काळात कारखानदार दुर्बळ आणि सरकार प्रतिकूल, म्हणून सर्व भार ग्राहकाने वाहिला. नियंत्रणाच्या काळात कारखानदार व सरकार दोन्ही बळकट झाले, तरी भार बहुतांशी ग्राहकावरच राहिला.

तेव्हा देशी माल घ्यावा काय, या प्रश्नास या परिसराचा इतिहास सशर्त होकार देतो. किंमत व गुण यांत फारसे अंतर नसेल, तेथे देशी मालास प्राधान्य देणे ग्राहकास शोभते, कारण त्याने दिलेला पैसा आसपासच्या मजुरीत फिरतो आणि सुटा भाग वेळेवर हाती येतो. अंतर मोठे असेल, तेथे ते भरून काढण्याचे काम जकातीचे व भांडवलाचे आहे. आणि त्या संरक्षणास मुदत व मोबदला असला पाहिजे. ओगल्यांचा कारखाना पुढे बंद पडला. घरोघर वीज आल्यावर कंदिलाची गरजही उरली नाही. परंतु ज्या काळी वडुजाच्या बाजारात आलेला शेतकरी ‘प्रभाकर’ची काच मागत होता, त्या काळी त्याला कोणी स्वदेशीची शपथ घातलेली नव्हती. ती काच त्याच्या कंदिलास बसत होती, आणि फुटल्यास दुसरी मिळेल अशी त्याची खात्री होती.