वीर नरिमन रोडने समुद्राकडे

चर्चगेटला उतरलात की समुद्र गाठायला मॅप उघडावा लागत नाही. प्लॅटफॉर्मच्या टोकाला बाहेर पडायचं, उजवीकडे वळायचं आणि सरळ चालत राहायचं. सहा-सात मिनिटांत पाणी दिसतं. या रस्त्याचं नाव वीर नरिमन रोड. मरीन ड्राइव्हवर पोचून डावीकडे पाहिलं तर टोकाला उंच इमारती दिसतात, तो नरिमन पॉइंट. एकाच माणसाचं नाव दोनदा आलंय आणि दोन्ही वेळा समुद्र बुजवून केलेल्या जमिनीशी. गंमत अशी की समुद्र बुजवण्याच्या याच योजनेची लक्तरं वेशीवर टांगली म्हणून हा माणूस मुंबईला माहीत झाला.

शंभर वर्षांपूर्वी ही चाल इतकी लांब नव्हती. स्टेशनासमोर पश्चिम रेल्वेच्या मुख्यालयाची घुमटवाली इमारत आहे, १८९९ची. तिच्या जुन्या फोटोंत पलीकडे जवळच बॅक बे दिसतो. रेल्वेलाही समुद्राकाठची ही पट्टी मिळाली ती एका दिवाळखोरीमुळे. १८६१ ते ६५ अमेरिकेत यादवी चालू होती, तिथला कापूस अडला आणि मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला. हातात आलेल्या पैशाने लोकांनी कंपन्या काढल्या. त्यांतल्या एकीचं काम होतं बॅक बे भरून जमीन विकणं. १८६५मध्ये युद्ध संपलं, कापूस कोसळला, कंपनी बुडाली. काठालगत जेवढी भर पडली होती ती रेल्वेच्या कामी आली. स्टार्टअपचा फुगा फुटल्यावर ऑफिसातल्या खुर्च्या स्वस्तात जातात ना, तसंच काहीसं.

दुसरा प्रयत्न सरकारनेच केला, १९२०च्या सुमारास. गव्हर्नर होते जॉर्ज लॉइड. चौपाटीपासून कुलाब्यापर्यंत भिंत घालायची, आत गाळ भरायचा आणि एकूण आठ भागांत जमीन तयार करायची असा बेत होता. पूर्वेकडच्या बंदरातला गाळ ड्रेजरने उपसून पाइपातून इकडे आणत. ड्रेजर किती गाळ उपसेल याचा हिशोब चुकला. दगडाची भिंत पाणबंद नव्हती, त्यामुळे भरलेला गाळ फटींतून पुन्हा समुद्रात जायचा. अंदाजपत्रक फुगत गेलं. आमच्या धंद्यात एस्टिमेट चुकणं रोजचं आहे, पण तिथे निदान जनतेचा पैसा पाण्यात जात नाही. इथे अक्षरशः पाण्यात जात होता. लोक या योजनेला ‘लॉइडचा मूर्खपणा’ म्हणू लागले.

खुर्शेद फ्रामजी नरिमन हे तरुण पारशी वकील तेव्हा मुंबईच्या विधिमंडळात होते. कंत्राटं, यंत्रं, अधिकाऱ्यांचे निर्णय, एकेक गोष्ट त्यांनी उकरून काढली आणि जाहीरपणे आरोप केले. हार्वे नावाच्या इंजिनियर अधिकाऱ्याने त्यांच्यावर अब्रुनुकसानीचा खटला भरला. नरिमन त्यातून निर्दोष सुटले. पुढे ते मुंबईचे महापौर झाले. १९३७मध्ये प्रांताचं मुख्य पद मात्र बाळ गंगाधर खेरांकडे गेलं. त्यावरून पक्षात उडालेला धुरळा हा वेगळ्या लेखाचा विषय आहे.

योजना आठ भागांची होती, पुरे झाले चार: उत्तरेचे दोन आणि कुलाब्याकडचे दोन. मधे पाणीच राहिलं. उत्तरेच्या भागाच्या कडेने जी भिंत आणि रस्ता झाला तो मरीन ड्राइव्ह. ज्या कट्ट्यावर बसायला कुणी तिकीट मागत नाही, कॉफी घ्यायला लावत नाही, तो कट्टा या अर्धवट राहिलेल्या कामातून मिळालाय. मधल्या पाण्याचा काही भाग स्वातंत्र्यानंतर बुजवला आणि त्या जमिनीला नरिमन यांचंच नाव दिलं. याला सन्मान म्हणावं की सूड, मला अजून ठरवता आलेलं नाही.

आता कट्ट्यावरून उजवीकडे, उत्तरेला चला. चर्नी रोड स्टेशनापर्यंत साधारण दोन किलोमीटर आहे. समोर आर्ट डेको इमारतींची रांग लागते, २०१८पासून ती जागतिक वारशाच्या यादीत आहे. सगळे फोटो तिचेच काढतात. मला तिच्यापेक्षा पुढचे जिमखाने जास्त बोलके वाटतात: हिंदू, इस्लाम, पारशी. ते बांधले तेव्हा त्यांच्या पायाशी समुद्र होता. आज मधून सहा लेनची वाहतूक जाते. पुढे चौपाटी. १ ऑगस्ट १९२०ला लोकमान्य टिळकांवर अंत्यसंस्कार झाले ते इथल्या वाळूत, १९३०मध्ये कायदा मोडून मीठ तयार झालं तेही इथेच. मुंबईला मोठ्या संख्येने एकत्र यायचं असलं की लोक पाण्याकडे येतात. बाकी शहरात तेवढी मोकळी जागा आहे कुठे?

तिसरा प्रयत्न आपल्या डोळ्यांदेखत झाला. मार्च २०२४मध्ये कोस्टल रोडचा पहिला टप्पा उघडला, त्यासाठी समुद्रात सुमारे १११ हेक्टर भर घातली. जुलै २०१९मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने त्याची किनारा-परवानगी रद्द केली होती. डिसेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या निकालाला स्थगिती दिली आणि काम पुन्हा सुरू झालं.

न्यायालयात जाणाऱ्यांत वरळीचे कोळी होते. त्यांचं गाव बघायचं तर दादरला उतरून बेस्टची बस पकडा आणि शेवटचा तुकडा गल्ल्यांमधून पायी जा. वाळत घातलेली मासळी, जाळी, दारात बसून गप्पा मारणाऱ्या मावश्या, आणि टोकाला छोटासा किल्ला. कोस्टल रोड सी-लिंकला जोडणारा पूल कोळ्यांच्या क्लीव्हलँड बंदरासमोरून जातो. आराखड्यात त्याच्या दोन खांबांमध्ये सुमारे ६० मीटर अंतर होतं. कोळी म्हणाले, भरतीच्या लाटेत होडी दोन्ही बाजूंना फेकली जाते, त्यात अनेक होड्या एकदम परततात, एवढ्याने भागणार नाही. त्यांनी १६० मीटर मागितले. अधिकाऱ्यांचं म्हणणं होतं की आहे ते पुरेसं आहे. कोळ्यांनी काम अडवलं, होड्या घेऊन समुद्रात उतरले. अखेर डिसेंबर २०२२मध्ये सरकारने मधला एक खांब गाळायचं मान्य केलं आणि अंतर १२० मीटर झालं.

जेवढं मागितलं तेवढं मिळालं नाही. पण इथल्या समुद्रावर आराखडा आखणाऱ्यांना आपली रेघ बदलावी लागली असं फार वेळा झालेलं नाही. गेलात तर संध्याकाळी जा. होड्या परत येताना त्या रुंद केलेल्या दारातून आत शिरताना दिसल्या तर दिसतील.