भिंतीवरचा उजेड : इब्न अल-हैसम आणि नागापूरचे हेडलाइट

नगर-मनमाड रस्त्यावर सीनेचा पूल ओलांडला की नागापूर येते. एमआयडीसीचे टेम्पो, शिर्डीला निघालेल्या गाड्या, कंटेनर, आणि गाळप सुरू झाले की उसाने भरलेल्या ट्रॉल्या, हा सगळा भार या एकाच रस्त्यावर. उसाच्या ट्रॉलीला मागे दिवा असेलच असे नाही. त्यामुळे रात्री गाडी हाकणाऱ्याला आपला उजेड कमीच वाटतो. मग तो बाजारातून जादा वॅटचा बल्ब किंवा पांढऱ्याशुभ्र एलईडीची जोडी आणतो आणि कंपनीचा बल्ब काढून बसवतो. त्याला रस्ता दिसला, नाही दिसला, हा पुढचा प्रश्न. समोरून मोटारसायकलवर येणाऱ्याला मात्र दोन-चार क्षण काहीच दिसत नाही. आणि तेवढ्या क्षणांत त्याच्यापुढे ती बिनदिव्याची ट्रॉली असू शकते.

ही अडचण वरवर गॅरेजची आहे, पण तिच्या मुळाशी असलेला प्रश्न हजार वर्षे जुना आहे : उजेड किती आहे हे महत्त्वाचे, की तो कुठून निघतो हे?

बसऱ्यात इ.स. ९६५ च्या सुमारास जन्मलेल्या आणि कैरोत कारकीर्द घालवलेल्या इब्न अल-हैसमने ‘किताब अल-मनाझिर’ हा ग्रंथ साधारण १०११ ते १०२१ या काळात लिहिला. डोळ्यातून किरण निघतात म्हणून दिसते, हे मत त्याने खोडून काढले, हे बहुतेकांना माहीत असते. मला त्याच्या ग्रंथातला एक साधा प्रयोग जास्त आवडतो. अंधाऱ्या खोलीला एक छिद्र, आणि छिद्रासमोर निरनिराळ्या जागी ठेवलेले दिवे. आतल्या भिंतीवर प्रत्येक दिव्याचा उजेड वेगळ्या जागी पडतो. एक दिवा झाकला की नेमका त्याचाच उजेड जातो, बाकीचे तसेच राहतात. झाकण काढले की तो पुन्हा त्याच जागी येतो. म्हणजे उजेड सरळ रेषेत चालतो, आणि एकाच छिद्रातून गेले तरी अनेक दिव्यांचे उजेड एकमेकांत कालवले जात नाहीत.

त्याने अन्वस्त आकाराच्या, म्हणजे पॅराबोलाच्या, दाहक आरशांवरही स्वतंत्र पुस्तिका लिहिली. असा आरसा सूर्याकडे धरला तर समांतर आलेले किरण एका बिंदूत गोळा होतात. तो बिंदू म्हणजे नाभी. ही भूमिती त्याच्या आधी ग्रीक डायोक्लिसलाही ठाऊक होती, आणि बगदादच्या इब्न सह्लने इ.स. ९८४ च्या सुमारास दाहक आरसे आणि भिंगांवर लिहिताना किरण वळण्याचा नियमही मांडला होता. मुसलमानांनीच हेडलाइट शोधला, असे म्हणण्याचा हा खटाटोप नाही. आपल्याकडे तसल्या दाव्यांची हौस दांडगी आहे आणि त्याने कुणाचेच भले झालेले नाही. मुद्दा एवढाच की हेडलाइट म्हणजे उलटा केलेला दाहक आरसा. नाभीवर दिवा ठेवा, किरण समांतर होऊन पुढे जातात. दिवा नाभीवरून हलला की किरणांची वाट बदलते.

मोटारीच्या दिव्यांचा पुढचा इतिहास याच एका गोष्टीशी झटापट करण्याचा आहे. सुरुवातीला कार्बाइडवर पाणी ठिबकवून निघणारा ॲसिटिलीन वायू जळत असे. १९१२ मध्ये कॅडिलॅकने विजेचा स्टार्टर आणि विजेचे दिवे एकत्र दिले. उजेड वाढला तसे समोरच्याचे डोळे दिपू लागले, आणि १९२० च्या दशकात एकाच बल्बमध्ये दोन तारा आल्या, एक लांबच्या उजेडासाठी आणि एक डिपरसाठी. १९६२ मध्ये युरोपात हॅलोजन बल्ब आला, १९७१ मध्ये दोन तारांचा एच-फोर. आपल्याकडच्या लाखो गाड्यांत तोच आहे, ६०/५५ वॅटचा.

एच-फोर हातात घेऊन नीट बघावा. डिपरची तार नाभीच्या थोडी पुढे असते आणि तिच्याखाली धातूची एक इवलीशी वाटी असते. ती वाटी खालच्या बाजूचा उजेड अडवते. त्यामुळे रिफ्लेक्टरचा फक्त वरचा अर्धा भाग उजळतो आणि तो उजेड खाली रस्त्यावर फेकतो. बाजारातल्या स्वस्त एलईडीत चिप त्या तारेच्या जागेपासून मिलिमीटर-दोन मिलिमीटर जरी सरकलेली असली, किंवा वाटीच नसली, तरी रिफ्लेक्टरचा खालचा भागही उजळतो. तो उजेड वर जातो, समोरच्याच्या डोळ्यांत. चालकाला मात्र झाडांचे शेंडे लखलखीत दिसतात आणि वाटते, वा, काय दिवा आहे!

नागापूरच्या एका गॅरेजात मी एक दुपार ते संध्याकाळ हे काम बघत बसलो होतो. आलेल्या गाडीचा डावा दिवा मंद होता. गिऱ्हाइकाने आधी १००/९० वॅटचा बल्ब टाकून पाहिला, मग दुसऱ्या कंपनीचा, मग एलईडी. दोष तसाच. अप्पर मारला की दोन्ही तारा थोड्या-थोड्या पेटत. उस्तादांनी पहिल्यांदा कंपनीचा जुना बल्ब परत लावला. “बल्ब तीन बदले शेठ, अर्थ एकबी बार नै देखे,” एवढेच बोलले.

मग त्यांनी दिवा चालू ठेवून मीटरची एक पिन बॅटरीच्या मायनसला आणि दुसरी बल्बच्या अर्थच्या टोकाला लावली. तिथे जवळजवळ शून्य यायला हवे होते, आले दीड व्होल्ट. तारेच्या बल्बचा हिशेब मोठा कठोर असतो : दाब दहा टक्के घटला की उजेड सुमारे तीस टक्के घटतो. शिवाय बल्बच्या दोन्ही तारांचा अर्थ एकच. तो धड नसला की करंट परतीची वाट दुसऱ्या तारेतून शोधतो. दोन्ही तारा अर्धवट पेटायचे कारण हेच. बॉडीला जिथे अर्थ कसला होता तिथला गंज आणि रंग पॉलिश पेपरने खरवडला, नवे टर्मिनल लावले, आणि जुन्याच बल्बने दिवा उजळला.

होल्डरही वितळलेला निघाला. त्याचे कारण १००/९० चे बल्ब. ५५ वॅटचे दोन बल्ब १२ व्होल्टवर सुमारे ९ अँपिअर ओढतात, ९० वॅटचे दोन १५. कंपनीची बारीक वायर आणि आतला स्विच एवढा भार धरत नाही. जास्त वॅट घालायचेच असतील तर रिले आणि जाड वायर थेट बॅटरीवरून घ्यावी लागते, मध्ये फ्यूज हवाच. आणि काही जपानी घराण्याच्या गाड्यांत प्लस कायम असतो, स्विच मायनस तोडतो. तिथे साधे रिले किट लावले की काहीच पेटत नाही, आणि माणूस किटला शिव्या देतो. एलईडीचा पंखा बसावा म्हणून मागचे रबर काढून टाकणारेही बरेच. पहिल्या पावसात आत दव साचते आणि रिफ्लेक्टरची चमक जाते.

अंधार पडल्यावर उस्तादांनी गाडी सपाट जागी, भिंतीपासून पंचवीस फुटांवर उभी केली. दिव्याच्या मध्याची उंची मोजून भिंतीवर खडूने आडवी रेघ मारली, डिपर लावला आणि उजव्या दिव्यावर पोत्याचा तुकडा टाकला. भिंतीवर डाव्याचाच उजेड राहिला. त्याची वरची कड रेघेच्या तीन इंच खाली येईपर्यंत स्क्रू फिरवला. मग पोते डावीकडे. मी त्यांना बसऱ्याच्या त्या माणसाची गोष्ट सांगितली. दिवे झाकून भिंत वाचण्याची त्याची रीत ऐकून ते हसले : “मिस्त्रीच होयेंगा वो, अपने में का.”

मोटार वाहन नियमावली, १९८९ मध्ये १०६ क्रमांकाचा नियम जवळपास हीच भिंत शब्दांत उभी करतो. दिव्यापासून ८ मीटरवर, जमिनीपासून दीड मीटर उंचीवर डोळा असलेल्या माणसाला दिपवणार नाही असा दिवा खाली वळलेला, किंवा चालकाला वळवता येणारा असावा. ८ मीटर म्हणजे सव्वीस फूट. गाडीत परस्पर बदल करण्याला १९८८ च्या कायद्याचे ५२ वे कलमही आडवे येते. वाहने तपासून प्रमाणपत्र देणाऱ्या देशातल्या मोजक्या संस्थांपैकी एक, संरक्षण खात्याची व्हीआरडीई, फाळणीनंतर चकलाल्याहून नगरलाच आली. म्हणजे दिवा कसा असावा हे ठरवणारी प्रयोगशाळा आणि तो रस्त्यावर दुरुस्त करणारा मिस्त्री एकाच तालुक्यात आहेत. दोघांची कधी गाठ पडत नाही, ही मला या शहराची मोठी उणीव वाटते. विजापूरची मलिक-ए-मैदान तोफ १५४९ मध्ये इथे नगरला ओतली गेली. ती ओतणाऱ्या रूमी खानाला निजामशाहीने दरबारात जागा दिली होती.

२००६ च्या सच्चर समितीच्या अहवालात वाहनदुरुस्ती हे मुस्लिम कामगारांचे प्रमाण ठळकपणे जास्त असलेल्या व्यवसायांत नोंदले आहे. समाजात या नोंदीकडे बहुधा दुःखाने पाहिले जाते : नोकरी मिळाली नाही म्हणून पान्हा धरला. ते खरेही आहे. पण उस्तादाच्या हाताखाली शागीर्द म्हणून दहा वर्षे काढलेल्या पोराला व्होल्टेज कुठे गळते हे कळते, त्याला आपण शिक्षण म्हणत नाही. त्यामुळे त्याला प्रमाणपत्र नाही, बँकेचे कर्ज नाही, आणि कुठल्या प्रशिक्षणाला बोलावणेही नाही.

आता नव्या गाड्यांत अख्खा दिवाच बंद डबा आहे. आत एलईडी, मागे संगणक. बल्ब काढला तर डॅशबोर्डवर इशारा पेटतो, स्वस्त एलईडी लावली तर ती लुकलुकते, कारण गाडी करंट तोडून-तोडून देते आणि तारेचा बल्ब गृहीत धरते. त्यावर रेझिस्टरचा डबा लावतात, तो तापतो. खरा दोष शोधायला स्कॅनर लागतो. नागापूरच्या उस्तादांनी एक जुना स्कॅनर घेतला आहे. तो इंग्रजीत बोलतो, म्हणून दहावी झालेला पुतण्या कोड वाचून दाखवतो आणि उस्ताद बॉनेटखाली वाकून विचारतात, “अर्थ का कुछ बोला क्या?”