स्वच्छ कुपीची साक्ष

हृदयाच्या झडपांस जंतूंची बाधा होऊन जडणारा ज्वर फार काळ असाध्य मानला जात असे. इ. स. १८८५ मध्यें विल्यम ऑस्लर यांनीं लंडन येथें त्यावर तीन व्याख्यानें देऊन त्याचें स्वरूप विशद केलें. पुढें रोग्याचें रक्त पोषक द्रवाच्या कुपींत घालून जंतु वाढविण्याची रीत रूढ झाली. द्रव गढूळ झाला म्हणजे जंतु सांपडला. आणि १९४० नंतर पेनिसिलिनचा उपयोग होऊं लागल्यावर अशा पुष्कळ रोग्यांचे प्राणहि वांचूं लागले. परंतु कुपी स्वच्छच राहिली तर? जंतु नाहींच असें समजावयाचें काय? आमच्या मतें याचें उत्तर एका निराळ्याच ज्वराच्या इतिहासांत आहे.

१९३५ सालीं ऑस्ट्रेलियांतील ब्रिस्बेन शहरीं कत्तलखान्यांतील कामगारांस एक अपरिचित ताप येऊं लागला. एडवर्ड डेरिक यांस त्याचें कारण उमगेना. म्हणून 'क्वेरी', म्हणजे प्रश्न, या इंग्रजी शब्दाचें आद्याक्षर घेऊन त्यांनीं १९३७ मध्यें त्यास 'क्यू ज्वर' असें नांव दिलें. अज्ञानाची इतकी प्रांजळ कबुली रोगांच्या नांवांत क्वचितच आढळेल. डेरिक यांनीं पाठविलेल्या द्रव्यांत मेलबोर्नच्या मॅकफर्लेन बर्नेट यांस जंतु दिसला. त्याच सुमारास अमेरिकेंतील मोंटाना प्रांतांत डेव्हिस व कॉक्स हे गोचिडांपासून मिळालेल्या त्याच जंतूचा अभ्यास करीत होते. कॉक्स व बर्नेट यांच्या नांवांवरून त्यास 'कॉक्सिएला बर्नेटी' म्हणतात.

हा जंतु जिवंत पेशींच्या आंत वाढतो. नेहमींच्या कुपींत त्याचा मागमूसहि लागत नाहीं. गाई, मेंढ्या व शेळ्या वितात तेव्हांच्या स्रावांतून तो धुळींत मिसळतो आणि श्वासावाटें मनुष्याच्या शरीरांत शिरतो. झडप आधींच सदोष असली तर तेथें तो दीर्घकाळ ठाण मांडून बसतो. त्याची ओळख मुख्यतः रक्तद्रवांतील प्रतिपिंडांवरून पटते. आणि डॉक्सिसायक्लीन व हायड्रॉक्सिक्लोरोक्वीन हीं औषधें निदान १८ महिने द्यावीं लागतात.

स्वच्छ कुपी एवढीच साक्ष देते कीं, तींत कांहीं वाढलें नाहीं. तेवढ्यावर विसंबून वैद्य स्वस्थ बसला तर झडप झिजतच जाईल. उलट, "तुमचा धंदा कोणता? घरीं गुरें-शेळ्या आहेत काय?" इतकें त्यानें विचारलें, तर एखाद्याचा जीव वांचेल. डेरिक यांनीं रोगाच्या नांवांतच प्रश्न ठेवला, तो रोग्याच्या उशाशीं अद्यापि विचारावयाचा आहे, असें आम्हांस वाटतें.