उड्डाणाआधीचा एक सेकंद

स्मरणिका समितीची मुले घरी आली आणि म्हणाली, "काका, तुम्ही काहीतरी लिहायलाच हवं." सोसायटीचा पंचवीस वर्षांचा इतिहास सेक्रेटरींनी लिहिलाच आहे, तो मी पुन्हा कशाला सांगू? म्हणून आपली सोसायटी नोंदली गेली त्याच सालातला, म्हणजे २००१ मधला, दुसरा एक इतिहास सांगतो. मी शास्त्रज्ञ नाही, बँकेतला माणूस. चूकभूल द्यावी घ्यावी.

२८ मार्च २००१, बुधवार. मार्चअखेर म्हणजे काय, ते कुठल्याही बँकवाल्याला विचारा. रात्री उशिरा घरी आलो आणि जेवता जेवता बातम्या लावल्या. इस्रोचे नवे मोठे रॉकेट, जीएसएलव्ही, त्या दुपारी श्रीहरिकोट्याहून पहिल्यांदाच उडायचे होते. पडद्यावर ज्वाळा दिसल्या, धूर दिसला आणि रॉकेट जागच्या जागी उभे! दुसऱ्या दिवशी शाखेत चहाच्या वेळी थट्टा झाली. "फटाका फुसका निघाला," एक जण म्हणाला. मीही हसलो.

नेमके काय झाले होते, ते पुढे वाचले तेव्हा त्या हसण्याची लाज वाटली. हे रॉकेट ४९ मीटर उंच, म्हणजे आपल्या सात मजली इमारतीच्या दुप्पट, आणि वजन सुमारे ४०० टन. मधोमध घन इंधनाचा प्रचंड खांब, भोवती द्रव इंधनाचे चार बूस्टर. घन इंधन दिवाळीतल्या भुईनळ्यासारखे असते, एकदा पेटले की थांबवता येत नाही. द्रव इंधनाचे इंजिन मात्र गॅसच्या शेगडीसारखे, चावी फिरवली की बंद. म्हणून रचनाच अशी केलेली की आधी चार बूस्टर पेटवायचे, चारपाच सेकंद त्यांचा जोर संगणकाने तपासायचा आणि चारही ठीक असतील तरच मधला खांब पेटवायचा. म्हणजे उड्डाणाच्या जागीच इंजिनांची शेवटची परीक्षा!

त्या दिवशी चारपैकी एका बूस्टरचा जोर पुरेसा चढला नाही. उड्डाणाला एक सेकंद उरला असताना संगणकाने सगळे बंद केले. माणसाला तेवढ्या वेळात 'थांबा' म्हणताही आले नसते. रॉकेट वाचले आणि त्यावरचा दीड टनाचा जीसॅट-१ उपग्रहही वाचला. इंधन जळायला ऑक्सिडायझर नावाचे द्रव्य लागते, ते इंजिनाकडे नेणाऱ्या नळीत दोष सापडला. बूस्टर बदलला आणि तीन आठवड्यांनी, १८ एप्रिलला, तेच रॉकेट उडाले. शेवटच्या टप्प्यात वेग थोडा कमी पडल्याने उपग्रहाला ठरलेली कक्षा मिळाली नाही, हेही सांगायला हवे. पण बूस्टरनी या वेळी आपले काम चोख केले.

असा प्रसंग अमेरिकेतही घडला होता. १२ डिसेंबर १९६५ रोजी जेमिनी-६ यानात शिरा आणि स्टॅफर्ड हे अंतराळवीर बसलेले असताना इंजिने पेटली आणि सेकंदभरात बंद पडली. एक प्लग वेळेआधीच निघाला होता. दोघांनी यानाबाहेर फेकणाऱ्या आसनांची कडी ओढली नाही, शांत बसून राहिले. नंतर इंजिन तपासले, तर एका नळीच्या तोंडावर धूळ जाऊ नये म्हणून लावलेले प्लास्टिकचे झाकण तसेच राहिलेले! ते काढले आणि तीनच दिवसांनी यान उडाले.

पुढे स्पेस शटलच्या काळात तर नवे यान उडण्याआधी मंचावर घट्ट बांधून त्याची मुख्य इंजिने सुमारे २० सेकंद चालवून पाहत. चॅलेंजरची अशी चाचणी डिसेंबर १९८२ मध्ये झाली, तेव्हा हायड्रोजनची गळती आढळली. जानेवारीत पुन्हा चाचणी घेतली आणि इंजिनात तडा सापडला. उड्डाण लांबले. शेवटी ४ एप्रिल १९८३ ला चॅलेंजर एक मोठा दळणवळण उपग्रह घेऊन सुखरूप गेले. तेच चॅलेंजर २८ जानेवारी १९८६ रोजी सात जणांसह नष्ट झाले. आदल्या रात्री बूस्टर बनवणाऱ्या कंपनीचे अभियंते 'थंडी फार आहे, थांबा' असे सांगत होते.

चाचणीतही धोका असतो. १ सप्टेंबर २०१६ रोजी केप कॅनव्हरलला फाल्कन-९ रॉकेटची अशीच चाचणी व्हायची होती. इंधन भरतानाच स्फोट झाला आणि वर ठेवलेला इस्रायली उपग्रह जळून गेला. पण जीवितहानी झाली नाही, कारण चाचणीच्या वेळी मंचाजवळ माणसे ठेवतच नाहीत.

आपल्याकडचा एक प्रसंग डॉ. अब्दुल कलाम स्वतः भाषणांत सांगत. १० ऑगस्ट १९७९ रोजी एसएलव्ही-३ चे पहिले उड्डाण होते. शेवटच्या क्षणांत संगणकाने ते रोखले. तज्ज्ञ म्हणाले, थोडी गळती आहे, पण चालेल. कलामांनी संगणकाला बाजूला सारून उड्डाणाचा हुकूम दिला. दुसऱ्या टप्प्यात रॉकेट भरकटले आणि बंगालच्या उपसागरात पडले. पत्रकारांसमोर इस्रोचे अध्यक्ष सतीश धवन यांनी जबाबदारी स्वतःवर घेतली. पुढच्या वर्षी, १८ जुलै १९८० ला यश आले, तेव्हा मात्र त्यांनी पत्रकारांपुढे कलामांना पाठवले.

हा प्रसंग पहिल्यांदा वाचला तेव्हा मी बराच वेळ पुस्तक मिटून बसलो होतो. १९९० च्या दशकात एका शाखेत मी कर्जविभाग पाहत होतो. मार्चची २९ तारीख. एका फाइलमध्ये जमिनीचा एक फेरफार लागत नव्हता आणि टार्गेटला नेमकी तेवढीच रक्कम कमी पडत होती. वरिष्ठ म्हणाले, "कागद मागाहून येईल, सही करा." मला शंका होती, तरी सही केली. कागद कधीच आला नाही. कर्ज बुडाले, माझी दोन वर्षे चौकशी चालली, एक वेतनवाढ थांबली. सौ.ला हे ठाऊक आहे. मुलांना आज या स्मरणिकेतून कळेल. मला सावरून घेणारे धवन मिळाले नाहीत, पण तक्रार नाही. सही माझीच होती.

आता घरचे बोलतो. इमारतीच्या स्ट्रक्चरल ऑडिटचा विषय गेल्या सभेत निघाला, तेव्हा "चांगली उभी आहे की, खर्च कशाला?" म्हणणाऱ्यांत मीही होतो. हा लेख लिहिता लिहिता माझे मत बदलले. पुढच्या सभेत विषय पुन्हा येईल, तेव्हा पहिला हात माझा वर असेल. खर्चाची वर्गणी वेळेवर देईन, हे इथे लेखी देतो.