बंगालचे ऋण आणि भंडाऱ्यातील नमशूद्र

दलित चळवळीच्या इतिहासात भंडारा जिल्ह्याचे नाव एका पराभवाशी जोडले गेले आहे. 1954 च्या लोकसभा पोटनिवडणुकीत डॉ. बाबासाहेब आंबेडकर येथून उभे राहिले आणि काँग्रेसच्या भाऊराव बोरकरांकडून पराभूत झाले. ही सल आपण विसरलेलो नाही. पण ह्याच जिल्ह्याच्या जंगलपट्ट्यात बाबासाहेबांशी नाते सांगणारा दुसराही एक इतिहास येऊन वसला, त्याची दखल आपण कितीशी घेतली?

1946 साली मुंबई प्रांतातून संविधान सभेत जाण्याचा बाबासाहेबांचा मार्ग बंद झाला होता. तो बंगालने उघडला. जोगेंद्रनाथ मंडल व त्यांच्या सहकाऱ्यांच्या प्रयत्नांमुळे बंगाल विधानसभेतून बाबासाहेब निवडून गेले. मंडल बारिसालचे नमशूद्र. सवर्णांनी ज्यांना ‘चांडाळ’ म्हणून हिणवले, तो हा कष्टकरी समाज. हरिचंद ठाकूर (1812–1878) ह्यांनी मतुआ पंथातून त्याला स्वाभिमान दिला. त्यांचे पुत्र गुरुचंद ह्यांनी शाळा हेच मुक्तीचे साधन मानले. जोतीराव फुल्यांच्या महाराष्ट्राला हे परके वाटू नये.

फाळणीत बारिसाल, खुलना, फरिदपूर पाकिस्तानात गेले. ज्यांच्याजवळ पैसा व आप्तांचा आधार होता त्या सवर्णांपैकी पुष्कळजण लवकर कलकत्त्यास पोहोचले. नमशूद्र शेतकरी मागे राहिला. पाकिस्तानचे कायदामंत्री झालेले मंडलही 1950 मध्ये राजीनामा देऊन परतले. 1950 आणि 1964 च्या दंगलींनंतर जे आले ते छावणीच्याच आश्रयाला आले, आणि छावणीतून बंगालबाहेर धाडले गेले. 1958 साली दंडकारण्य प्रकल्प स्थापन झाला. महाराष्ट्रातही चांदा आणि भंडारा जिल्ह्यांच्या जंगलभागात वसाहती उभ्या राहिल्या. अर्जुनी-मोरगाव तालुक्यातील अरुणनगर, गौरनगर ही त्यांतलीच गावे. हा तालुका 1999 पासून गोंदिया जिल्ह्यात आहे. 1978 मध्ये दंडकारण्यातील हजारो निर्वासित सुंदरबनातील मरिचझापी बेटावर परतले. 1979 मध्ये शासनाने त्यांना बळाने हुसकावले. बंगालने दार लावून घेतले होते.

नदीच्या मुलखातला माणूस धानाच्या ह्या मुलखात आला. धान ओळखीचे, भाषा मात्र अनोळखी. त्याच्याजवळ होती ती सीमेवर मिळालेली चिठ्ठी, ‘बॉर्डर स्लिप’. पुढे रेशनकार्ड, सातबारा, जातीचा दाखला, नागरिकत्व अशी कागदांची रांगच त्याच्यापुढे उभी राहिली. प्रत्येक कागद मराठीत किंवा इंग्रजीत. अशा माणसाला कायदा समजावून सांगणारा पहिला माणूस वकील नसतो. तो गावचा शिक्षक असतो.

ह्याचे एक उदाहरण घेऊ. कायद्याप्रमाणे 26 जानेवारी 1950 ते 30 जून 1987 ह्या काळात भारतात जन्मलेली व्यक्ती, काही मोजके अपवाद वगळता, जन्मानेच भारतीय नागरिक आहे. म्हणजे त्या काळात वसाहतीत जन्मलेल्या मुलाला कोणाकडे नागरिकत्व मागावयाचे नाही, जन्म कोठे व केव्हा झाला एवढेच दाखवावयाचे आहे. जन्माची नोंद नसेल तेथे शाळेची दाखल-खारीज नोंदवही आधाराला येते. तिच्यात तारीख व गाव नीट लिहिणारा शिक्षक एका कुटुंबाच्या तीन पिढ्यांचे भय कमी करतो. उलट जातीच्या रकान्यात ‘नमशूद्र’ न लिहिता नुसते ‘बंगाली’ लिहिले, तर जातीचा पुरावाच पुसला जातो.

येथे खोटी आशाही दाखवू नये. नमशूद्र ही जात पश्चिम बंगालच्या अनुसूचीत आहे, महाराष्ट्राच्या नाही. संविधानाच्या 341 व्या अनुच्छेदानुसार यादी राज्यागणिक ठरते, आणि तीत भर घालण्याचा अधिकार संसदेचा आहे. दुसऱ्या राज्यात गेलेल्यास तेथे आपोआप सवलत मिळत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने 1990 मध्ये सांगितले आहे. अस्पृश्यता सोबत आली. तिच्यावरचा उपाय सरहद्दीवर अडला!

हे दुःख आपल्याला नवे आहे काय? 1956 मध्ये धम्म स्वीकारल्यावर आपणही रकान्यात अडकलो. महाराष्ट्राने सवलती चालू ठेवल्या, पण केंद्राच्या यादीत बौद्धांना स्थान मिळायला 1990 साल उजाडले. ‘महार’ लिहावे की ‘बौद्ध’, हा प्रश्न आपल्या घराघरांत झडला. त्या काळात अर्ज लिहून देणारे, दाखला काढण्यासाठी तहसीलपर्यंत सोबत जाणारे शिक्षक-कार्यकर्ते होते, म्हणून आपली मुले शिकली. तोच अनुभव आता शेजाऱ्याच्या कामी यावयास हवा.

बंगालच्या दलितांनी बाबासाहेबांना संविधान सभेत पाठविले. त्याच समाजाची नातवंडे आज संविधानाचा एक-एक कागद हातात घेऊन आपल्या दारी उभी आहेत. भंडारा-गोंदियातील आपल्या शिक्षकांनी आणि विद्यार्थ्यांनी आठवड्यातील एक संध्याकाळ ह्या वसाहतींत जाऊन बसावे, कागद वाचून दाखवावेत, अर्ज लिहून द्यावेत, आणि त्यांच्या तरुणांना ते लिहावयास शिकवावे. हे उपकार नव्हेत. हे ऋण आहे.