घरच्या किनाऱ्यावर गोळ्या

परदेशातून आलेल्या माणसावरून आपण भाकरतुकडा ओवाळून टाकतो. ‘कोमागाता मारू’ जहाजाच्या प्रवाशांचं स्वागत मात्र वेगळं झालं.

एप्रिल १९१४ मध्ये हाँगकाँगहून निघालेल्या या जहाजावर ३७६ हिंदी प्रवासी होते, बहुतेक पंजाबी शीख. जहाज भाड्याने घेणाऱ्या गुरदित सिंग यांच्याबरोबर त्यांचा लहान मुलगाही होता. व्हँकुव्हरला दोन महिने अडवून कॅनडाने त्यांना परत धाडलं.

२९ सप्टेंबरला जहाज कलकत्त्याजवळ बजबजला लागलं. सरकारला त्यांना सक्तीने रेल्वेने पंजाबला न्यायचं होतं. त्यांना गुरू ग्रंथसाहिब घेऊन कलकत्त्याला जायचं होतं. संध्याकाळी गोळीबार झाला, सुमारे २० प्रवासी मेले.

त्यांतले कित्येक इंग्रजांच्याच फौजेत नोकरी करून आलेले होते. गणवेश घातलेल्या माझ्यासारख्याला हेच सर्वांत जास्त बोचतं. ज्या सरकारसाठी ते लढले, त्याच सरकारने त्यांना घरी जाऊ दिलं नाही.

जय हिंद.