फॅक्टरीला धुरांडे नव्हते

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

शेजारच्या सातवीतल्या एका मुलीने मध्यंतरी इतिहासाची वही दाखवायला आणली. 'इंग्रजांनी सुरतेला फॅक्टरी उघडली' या वाक्याशेजारी तिने हौसेने चित्र काढले होते. उंच धुरांडे, त्यातून निघणारा काळा धूर आणि फाटकापाशी डबे घेऊन उभे असलेले कामगार! चित्र सुरेख होते, पण काळ चुकला होता. जहांगीर बादशहाच्या परवानगीने सुरतेची फॅक्टरी सुरू झाली १६१३ मध्ये. सूतगिरण्या वाफेवर चालू लागल्या त्या अठराव्या शतकाच्या अखेरीस. मग या फॅक्टरीत तयार तरी काय होत होते?

उत्तर सोपे आहे. काहीच नाही!

'करणे' या अर्थाच्या लॅटिन धातूवरून इंग्रजीत 'फॅक्टर' हा शब्द आला. फॅक्टर म्हणजे करणारा. गणितात तो 'अवयव' झाला, एरवीच्या बोलण्यात 'घटक' झाला. व्यापारात मात्र फॅक्टर म्हणजे धन्याच्या वतीने खरेदीविक्री करणारा गुमास्ता. ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत तरुण मुलगा आधी 'रायटर' म्हणजे कारकून म्हणून लागे, मग फॅक्टर होई आणि पुढे 'मर्चंट' या पदावर चढे. हे फॅक्टर जिथे राहत आणि माल साठवत, ती फॅक्टरी. पोर्तुगीजही आपल्या अशा ठाण्यांना 'फेतोरिया' म्हणत.

सुरतेच्या फॅक्टरीत माग नव्हता की चरखा नव्हता. विणकर आपापल्या गावी, आपापल्या घरात विणत. कंपनीचे दलाल त्यांना आगाऊ रक्कम देत. तयार कापड फॅक्टरीत येई, तपासले जाई, त्याच्या गाठी बांधल्या जात आणि जहाज येईपर्यंत त्या पडून राहत. आपल्या पूर्वजांनी या जागेला अचूक नाव दिले होते : वखार. लाकडाची वखार, कोळशाची वखार आपण म्हणतो, तीच ही. १६६० मध्ये पन्हाळ्याच्या वेढ्यात राजापूरच्या इंग्रजांनी सिद्दी जौहरला दारूगोळ्याची मदत केली. शिवाजी महाराजांनी पुढच्याच वर्षी राजापूरची वखार लुटून तिथल्या इंग्रजांना कैद केले. त्या वखारीत सापडला तो व्यापाऱ्याचा माल. जानेवारी १६६४ मध्ये सुरत लुटली गेली तेव्हा जॉर्ज ऑक्झेंडनने सांभाळली तीही मालाने भरलेली वखारच.

गंमत अशी, की आपल्या 'कारखाना' या शब्दाचीही हीच कथा आहे. हा शब्द फारसी. अर्थ कामाचे घर. पण शिवकाळातले 'अठरा कारखाने' म्हणजे सरकारी खाती आणि कोठारे. गडावरचा कारखानीस वस्तू तयार करवून घेणारा अधिकारी नव्हता. धान्य आणि सामानसुमान सांभाळणे हे त्याचे काम. आजच्या कारखानीस मंडळींच्या आडनावात तो जुना अर्थ अजून जिवंत आहे.

मग धुरांडे आले कुठून? इंग्लंडमधून. लँकेशायरमध्ये यंत्रावर सूत निघू लागले आणि एका छपराखाली शेकडो माणसे राबू लागली. वस्तू जिथे बनते ती जागा, हा फॅक्टरीचा दुसरा अर्थही भाषेत होताच. तो आता बळावला आणि वखार मागे पडली. व्यापाराची दिशाही फिरली. जे इंग्रज आपले कापड विकत घ्यायला वखारी घालून बसले होते, तेच आपल्याला कापड विकू लागले. एका शब्दाच्या दोन अर्थांमध्ये आपल्या विणकरांची ही सगळी पडझड मावलेली आहे. पुढे १८५४ मध्ये कावसजी दावर यांनी मुंबईत पहिल्या कापड गिरणीची कंपनी काढली आणि धुरांडी आपल्याकडेही उभी राहिली.

शब्दाचा अर्थ ही केवळ कोशकाराची चिंता नसते. १८८१ मध्ये हिंदुस्थानात पहिला फॅक्टरी कायदा झाला. सात वर्षांखालील मुलांना कामावर ठेवू नये आणि बारा वर्षांखालील मुलांना दिवसाला नऊ तासांहून अधिक राबवू नये, असे त्यात होते. पण फॅक्टरी कशाला म्हणायचे? जिथे यंत्रशक्ती आहे आणि किमान शंभर माणसे आहेत तिला. म्हणजे नव्वद माणसांच्या जागेत काम करणाऱ्या पोराला हे संरक्षण नाही! नारायण मेघाजी लोखंडे यांच्यासारख्यांनी गिरणी कामगारांची बाजू नेटाने मांडली. १८९० मध्ये मुंबईच्या गिरण्यांना रविवारची सुट्टी मिळाली. १८९१ मध्ये कायदाही सुधारला आणि शंभराची अट पन्नासावर आली. १९४८ च्या कायद्याने ती यंत्रशक्ती असेल तर दहावर आणि नसेल तर विसावर आणली. व्याख्येतला एकेक आकडा खाली आला, तशी आणखी माणसे कायद्याच्या छपराखाली आली.

आणि छपराबाहेर कोण उरले? सोलापूरला विडी कामगार बायका कारखान्यातून पान-तंबाखू घरी आणतात, घरच्या उंबऱ्याशी बसून विड्या वळतात आणि मोजून कारखान्यात देऊन येतात. म्हणायला कारखाना, पण खरी मजुरी होते ती घरात. अशा घरी वळणाऱ्या बायकांना कामगार म्हणून मोजण्यासाठी १९६६ मध्ये स्वतंत्र कायदा करावा लागला. सुरतेचा विणकर आणि सोलापूरची ही बाई यांच्यामध्ये साडेतीनशे वर्षे गेली. फॅक्टरीचा जुना अर्थ मात्र तिथे अजून नांदतो आहे.

त्या मुलीला मी चित्र खोडायला सांगितले नाही. शेजारी आणखी एक काढायला सांगितले : एक भक्कम वखार, आत कापडाच्या गाठी आणि दूर गावात, आपल्या घरी मागावर बसलेला विणकर. विणकर तिने फार लहान काढला होता. त्याला जरा मोठा कर, एवढेच म्हणालो.